उंबरठ्याबाहेरचा मालक

घर भाड्याने देणे हा व्यवहार वरवर पाहता अगदी साधा आहे. एकाजवळ घर आहे, पण त्यात राहण्याची त्याला गरज नाही. दुसऱ्याला निवाऱ्याची गरज आहे, पण त्याच्याजवळ घर नाही. दरमहा ठरलेली रक्कम एकाने द्यायची व दुसऱ्याने घ्यायची, एवढाच काय तो करार. परंतु बाजारातल्या दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात विकत घेणाऱ्याची रात्रीची झोप, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचा बिछाना विकणाऱ्याच्या हाती जात नाही. येथे तो जातो. म्हणूनच या साध्या व्यवहाराच्या पोटात एक कठीण नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे घर माझ्या मालकीचे आहे, पण ज्यात दुसऱ्याचा संसार मांडलेला आहे, त्या घरावर माझा अधिकार नेमका किती?

हा प्रश्न इंग्लंडच्या संदर्भात मांडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, त्या देशाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देऊन पाहिली, आणि २०२५ साली आपले आधीचे उत्तर मागे घेऊन नवे दिले. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. इंग्लंडमधील स्विंडन शहरात पोर्तुगीज पारपत्रावर गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबई-वसईकडूनही परिचारिका, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी त्या देशात जात असतात. पहिली काही वर्षे ही माणसे भाडेकरू असतात. मग पोटाला चिमटा घेऊन स्वतःचे घर घेतात, आणि त्यांतले काही जण पुढे दुसरे घर घेऊन ते भाड्याने देतात. म्हणजे एकाच आयुष्यात नोटिशीची धास्ती बाळगणारा माणूस नोटीस देणाऱ्याच्या जागी येऊन बसतो. जागा बदलली की न्यायाची कल्पनाही बदलावी काय?

पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमधील बहुसंख्य कुटुंबे खाजगी मालकांच्या घरांत भाड्याने राहत असत. युद्धकाळात कारखान्यांच्या शहरांत मजुरांची गर्दी झाली आणि भाडी चढू लागली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मेरी बार्बर हिच्या पुढाकाराने स्त्रियांनी वाढीव भाडे न भरण्याचा लढा उभारला, आणि १९१५ साली ब्रिटिश संसदेने भाडी गोठवली. युद्धापुरता केलेला तो नियम निरनिराळ्या रूपांत कित्येक दशके टिकला. भाडेकरूला स्थैर्य लाभले, पण उत्पन्न गोठल्यामुळे पुष्कळ मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. मुंबईच्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

१९५७ साली तेथील सरकारने बऱ्याच घरांवरील नियंत्रण उठवले. जुना भाडेकरू निघून गेला की तेच घर हव्या त्या भाड्याने देण्याची मुभा मिळाली, आणि त्याबरोबर जुन्या भाडेकरूला घालवण्याचा मोहही आला. लंडनच्या नॉटिंग हिल भागातील पीटर रॅकमन हे नाव याच काळातले. कमी भाड्यावर राहणाऱ्यांना हैराण करून बाहेर काढायचे आणि त्यांच्या जागी वेस्ट इंडीजमधून आलेल्या, दुसरीकडे कोठेही थारा न मिळणाऱ्या माणसांना दाटीवाटीने कोंबून जबर भाडे घ्यायचे, ही त्याची रीत. १९६२ साली तो वारला. पण भाडेकरूच्या पिळवणुकीला इंग्रजीत त्याच्याच नावाचा शब्द रूढ झाला. विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, हा रॅकमन स्वतः पोलंडमधून आलेला निर्वासित होता. नाझींचा छळ आणि रशियन छावणीतले हाल त्याने भोगले होते. बेघरपणाचे दुःख सोसले म्हणून माणूस आपोआप दयाळू मालक होतो, असे नाही. सोसलेल्या दुःखातून करुणा उपजते, तशीच 'आता माझी पाळी' ही भावनाही उपजू शकते. परदेशात पाय रोवलेल्या कोणत्याही समाजाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९६५ च्या कायद्याने भाडेकरूला पुन्हा संरक्षण दिले. १९८८ सालच्या गृहनिर्माण कायद्याने मात्र लंबक पुन्हा दुसऱ्या बाजूला नेला. १५ जानेवारी १९८९ पासून सुरू होणाऱ्या नव्या भाडेकरारांना बाजारभाव लागू झाला, आणि त्या कायद्याचे एकविसावे कलम घरोघरी ठाऊक झाले. कराराची मुदत संपली की मालकाने दोन महिन्यांची नोटीस द्यावी. कारण सांगण्याची गरज नाही. कागदपत्रे यथास्थित असली की न्यायाधीशालाही ताबा द्यावाच लागे. भाडेकरूने एक पेनी थकवलेली नसो, बागेतले गवत वेळच्या वेळी कापलेले असो, शेजाऱ्यांची एकही तक्रार नसो, त्याला जावे लागे. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठीच घर घेणाऱ्यांना खास गहाणकर्ज मिळू लागले, आणि शिक्षक, दुकानदार, निवृत्तीला आलेले नोकरदार असे सामान्य लोकही घरमालक झाले. आज इंग्लंडमधील पाचांपैकी जवळजवळ एक कुटुंब खाजगी मालकाच्या घरात राहते, आणि मालकांपैकी जवळजवळ निम्म्यांजवळ भाड्याने दिलेले असे एकच घर आहे. म्हणजे येथे बहुधा धनदांडगा विरुद्ध दरिद्री असा सामना नसतो. दोन मध्यम स्थितीतली कुटुंबे समोरासमोर असतात, आणि त्यामुळेच प्रश्न अवघड होतो.

कायद्याने जे करता येते ते सर्व करणे योग्य असते काय? कोणतीही चूक नसलेल्या कुटुंबाला विनाकारण घर सोडायला लावणे छत्तीसहून अधिक वर्षे पूर्णपणे कायदेशीर होते. ज्यांनी हा अधिकार वापरला ते सारे दुष्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाला म्हातारपणी स्वतः त्या घरात राहायचे होते, कोणाला कर्ज फेडण्यासाठी घर विकायचे होते. पण हा अधिकार न वापरताही काम करीत असे. छताला ओल आली, भिंतीला काळी बुरशी धरली, बॉयलर बंद पडला, तरी कित्येक भाडेकरू तक्रार करताना दहादा विचार करीत. कारण तक्रारीचे उत्तर प्लंबरऐवजी नोटिशीच्या रूपाने येईल अशी भीती असे. २०१५ साली कायद्याने या भीतीला थोडा आळा घातला, तो अपुराच होता. न उच्चारलेली धमकीही धमकीच असते. ज्याला आपण कधीच काढणार नाही अशा भाडेकरूच्या मनातही ती भीती नांदत असेल, तर त्या शांततेचा लाभ मालक घेतच असतो.

ओल आणि बुरशी या क्षुल्लक गोष्टी नव्हेत. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल गावी आवाब इशाक हा दोन वर्षांचा बालक बुरशीच्या दीर्घ संसर्गाने श्वसनाचा विकार होऊन वारला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रारी केल्या होत्या. ते घर खाजगी मालकाचे नव्हते, गृहनिर्माण संस्थेचे होते. तेव्हा दोष केवळ खाजगी मालकीचा असतो असेही मानू नये. त्या बालकाच्या नावाने झालेला नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला. ठरलेल्या मुदतीत धोक्याची पाहणी व दुरुस्ती करणे त्याने बंधनकारक केले आहे. तो खाजगी घरांपर्यंत नेण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे.

इंग्लंडमधील खाजगी मालकाची कर्तव्ये आज लांबलचक आहेत. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी, विजेच्या जोडणीची किमान पाच वर्षांतून एकदा, धूर व कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी यंत्रे, घराचे बांधकाम, नळ, शौचालय, गरम पाणी व उष्णता यांची दुरुस्ती. अनामत रक्कम बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करावी लागते. न केल्यास त्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नवा मालक ही यादी पाहून कपाळाला हात लावतो. पण या नियमांमागे भोगलेले अनुभव आहेत. सदोष हीटरमुळे झोपेत गुदमरून माणसे मेली आहेत. गालिच्यावरची साहजिक झीज दाखवून अनामत रकमा गिळल्या गेल्या आहेत. ज्या गोष्टी सद्सद्विवेकबुद्धीने आधीच करायला हव्या होत्या, त्या पुढे नियमांच्या पुस्तकात लिहाव्या लागल्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरभाडे घेणे न्याय्य कशामुळे ठरते? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजखोरीचा विचार करताना नेमके घराचेच उदाहरण घेतले होते. काही वस्तू वापरल्या की संपतात, जसे धान्य किंवा द्राक्षरस. त्यांचा वापर आणि त्यांची मालकी वेगळी करता येत नाही. घराचे तसे नाही. घर वापरले म्हणून संपत नाही. म्हणून मालकी आपल्याकडे ठेवून केवळ त्याचा वापर दुसऱ्याला देता येतो आणि त्या वापराचे मोल घेणे रास्त ठरते. भाड्याचे समर्थन या भेदावरच उभे आहे. परंतु हा भेद मान्य केला की त्याचा दुसरा अर्धही मान्य करावा लागतो. वापर जर विकला, तर तो त्या काळापुरता विकणाऱ्याचा राहिला नाही. वापराचे पैसे घ्यायचे आणि तरीही 'घर माझेच आहे' म्हणून हवे तेव्हा किल्ली फिरवून आत शिरायचे, म्हणजे विकलेली वस्तू पुन्हा स्वतःकडे ठेवणे होय. इंग्लंडच्या कायद्यातही भाडेकरूच्या निर्वेध उपभोगाचा हक्क जुना आहे. दुरुस्तीच्या पाहणीसाठी जायचे तरी मालकाला किमान चोवीस तासांची लेखी सूचना द्यावी लागते.

मोशेच्या नियमशास्त्रातही याच्याशी मिळतीजुळती एक आज्ञा आहे. ती भाड्याविषयी नाही, तारणाविषयी आहे. पण तिच्यातील मर्म येथे उपयोगी पडते. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, शेजाऱ्याला कर्ज दिले असता तारणाची वस्तू आणण्यासाठी सावकाराने त्याच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोनेच ती वस्तू बाहेर आणून द्यावी. सावकाराचा हक्क तेथे नाकारलेला नाही. कर्ज खरे आहे, तारणही खरे आहे. मात्र उंबरठ्याच्या आत त्या गरीब माणसाची प्रतिष्ठा आहे, आणि तेथे हक्काने पाऊल टाकता येत नाही. घरमालकाची नैतिक जागा मला येथे दिसते. विटांवर, छतावर, विक्रीच्या किमतीवर त्याचा हक्क आहे. आत चाललेल्या जगण्यावर नाही.

तरीही मालकाची बाजू ऐकल्यावाचून निवाडा देणे बरे नव्हे. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ च्या आरंभी ०.१ टक्का होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्के झाला. समजा, एका मालकाने दीड लाख पौंडांचे केवळ व्याज फेडण्याचे कर्ज घेतले आहे आणि घराचे भाडे दरमहा ९०० पौंड, म्हणजे वर्षाला १०,८०० पौंड येते. कर्जाचा दर २ टक्के असताना व्याज वर्षाला ३,००० पौंड होते. ६ टक्के झाल्यावर ते ९,००० पौंड होते. त्यातच २०१७ ते २०२० या वर्षांत कराचा नियम बदलला. पूर्वी व्याज उत्पन्नातून सरळ वजा होई. नंतर त्यावर केवळ २० टक्क्यांची सूट उरली. २०२३ साली ४० टक्के दराने कर भरणाऱ्या अशा मालकाला ४,३२० पौंडांच्या करातून १,८०० पौंडांची सूट मिळून २,५२० पौंड भरावे लागत. व्याज व कर मिळून ११,५२० पौंड झाले. म्हणजे विमा आणि दुरुस्ती धरण्याआधीच ७२० पौंडांची तूट. त्यातच भाडेकरूने भाडे थकवले, तर न्यायालयातून ताबा मिळेपर्यंत कित्येक महिने निघून जातात आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. जाणूनबुजून भाडे बुडवणारा भाडेकरूही अन्यायच करतो; गरिबीच्या आड लपून त्या अन्यायाला पुण्य म्हणता येत नाही.

मग तूट आलेल्या मालकाने काय करावे? भाडे वाढवण्यात स्वतःहून पाप नाही. दुरुस्ती, कर, महागाई यांना धरून ते वाढणारच. पण एक गोष्ट स्पष्ट ओळखली पाहिजे. कर्ज काढून घर घेण्याचे साहस मालकाने केले. घराची किंमत वाढली तर तो नफा संपूर्ण त्याचा. भाडेकरूला त्यातला छदामही मिळत नाही. मग व्याज वाढले की त्या साहसाची सारी जोखीम एका वर्षात भाडेकरूच्या डोक्यावर उतरवणे कोणत्या न्यायात बसते? लाभ माझा आणि तोटा तुझा, असा करार दोन शेजाऱ्यांत कधीच न्याय्य मानला जात नाही. ज्याला नफ्याची आशा आहे, त्याने तोट्याच्या वर्षासाठी गाठीशी काही राखून ठेवणे हा केवळ व्यवहारी शहाणपणा नसून नैतिक कर्तव्यही आहे.

३० डिसेंबर १९८७ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी खाजगी मालमत्तेवर एक 'सामाजिक गहाण' असते, असा विचार मांडला होता. चर्च खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य करते. पण निर्मिलेली संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे, म्हणून प्रत्येक मालकीवर समाजाचा काही बोजा असतोच, असा त्याचा आशय. भाड्याने दिलेल्या घराला हे रूपक अक्षरशः लागू पडते. अशा घरावर बहुधा बँकेचे पहिले गहाण असते. त्याचा हप्ता चुकला तर पत्र येते, दंड होतो, घर जाते. दुसऱ्या गहाणाचे पत्र कोणी पाठवीत नाही. म्हणून पहिल्याचा हप्ता नियमित भरणारी सज्जन माणसेही दुसऱ्याचा हप्ता वर्षानुवर्षे थकवू शकतात, आणि त्यांना त्याची जाणीवही होत नाही.

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडमध्ये भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर झाला आणि त्याच्या मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. त्याने एकविसावे कलम रद्द केले. ताबा मागायचा तर कारण सांगावे लागेल. घर विकायचे किंवा स्वतः राहायचे असेल तर चार महिन्यांची सूचना, आणि तीही भाडेकरार सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात ताबा मागता येणार नाही. भाडे वर्षातून एकदाच वाढवता येईल आणि भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल. जाहीर केलेल्या भाड्याहून अधिक बोली मागणे बंद. मुले आहेत किंवा सरकारी मदत मिळते एवढ्यावरून कोणाला नाकारणे बेकायदेशीर. कित्येक मालकांना हा आपल्यावरचा अविश्वास वाटतो. काही जण घरे विकतील आणि त्यामुळे भाड्याची घरे कमी होतील, ही त्यांची शंकाही निरर्थक नाही; न्यायालये जलद चालली नाहीत तर प्रामाणिक मालक भरडला जाईल.

तथापि कायदा कितीही चांगला असला तरी तो उंबरठ्यापाशी थांबतो. एका घरासाठी दहा अर्ज आले असता त्यांतून कोणाला निवडले, हे शेवटी मालकाच्या मनात ठरते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक नव्या भाडेकरूचा त्या देशात राहण्याचा अधिकार तपासण्याची जबाबदारी मालकावर आहे. अशा वेळी परके नाव, परके पारपत्र आणि नुकतीच लागलेली नोकरी यांच्या वाटेला न जाता सोपा अर्ज उचलावासा वाटतो. वंशावरून घर नाकारणे तेथे १९६८ पासून बेकायदेशीर आहे. पण निवडीमागचे खरे कारण कोणत्या न्यायालयात सिद्ध होणार? जे कुटुंब एके काळी स्वतः असे अवघड अर्ज घेऊन दारोदार फिरले, त्याने निदान तो अर्ज वाचून तरी पाहावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

परदेशी स्थिरावलेल्या आपल्यातील एखाद्या कुटुंबात दुसरे घर घेण्याचा विचार चालू असेल, तर बँकेच्या कागदांवर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून एका प्रश्नाचा विचार करावा. येणाऱ्या भाडेकरूला आपण पहिल्याच दिवशी पुढील वचन देऊ शकतो काय? तुमच्या दुरुस्तीच्या तक्रारीला आम्ही अपराध मानणार नाही. विचारल्यावाचून आत येणार नाही. व्याजाचा भार एकदम तुमच्यावर लोटणार नाही. घर विकण्याची वेळ आली तर कायद्याने सांगितलेल्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आधी तुम्हांला सांगू, म्हणजे मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच मोडणार नाही. हे वचन मनापासून देता येत असेल, तर भाड्याचा पैसा निर्धास्तपणे घ्यावा. तो कष्टाचा आणि न्यायाचा पैसा आहे. देता येत नसेल, तर तीच बचत बँकेच्या ठेवीत ठेवावी. ठेवीवर कदाचित लाभ थोडा कमी मिळेल. पण त्या ठेवीच्या आत कोणाचा संसार मांडलेला नसतो.